घर घेण्याआधी भाडेकरू पाहावा

भाड्याने देण्यासाठी आयुष्यातले पहिले घर घेऊ पाहणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा बिल्डरचे रंगीत माहितीपत्रक असते आणि त्यांचा पहिला प्रश्न भावाचा असतो. माझी नोकरी बँकेच्या गृहकर्ज विभागात झाली, त्यामुळे निवृत्तीनंतरही भाचे, शेजारी, जुन्या सहकाऱ्यांची मुले कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. घामाचा पैसा कुठे ठेवायचा याचा विचार करणारा माणूस मनापासून बोलतो, म्हणून या गप्पा मला आवडतात. जुळे सोलापुरात चौरस फुटाला काय दर चालला आहे, विमानतळामुळे होटगी रस्त्याचे भाव चढतील का, एजंट सांगतो तेवढे भाडे खरोखर येईल का, भाडेकरूने घर बळकावले तर काय करायचे, असे त्यांचे प्रश्न असतात आणि ते सगळे रास्त आहेत. परंतु या घरात नेमके कोण राहायला येणार, तो कुठे काम करतो, त्याची मुले कोणत्या शाळेत जाणार आणि त्याला किती भाडे झेपणार, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते भाड्याच्या घराचा सगळा व्यवहार तिथूनच सुरू व्हायला हवा.

पुण्यात हा प्रश्न न विचारताही एखाद्याचे निभावून जात असेल, कारण तिथे बाहेरून येणाऱ्यांची रीघ थांबत नाही. सोलापूरचे तसे नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू यांचे भोंगे वाजत होते तेव्हा हे शहर चहूबाजूंनी माणसे ओढून घेत होते. गिरण्या बंद पडल्यावर ओघ उलटला, आणि आज इथे शिकून इंजिनिअर झालेला मुलगा हिंजवडीत जाऊन दुसऱ्याचा भाडेकरू होतो. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांचे, पत्र्याचे का होईना, स्वतःचे घर असते. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातील १५,००० घरे कामगारांच्या ताब्यात आली. त्याआधी तिथेच विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत झाली होती. या दोन्ही कामांचा मला एक सोलापूरकर म्हणून अभिमान वाटतो. गुंतवणूक करणाऱ्याने मात्र यातून एवढे ध्यानात घ्यावे की पूर्व भागातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडे भरणारा एक मोठा वर्ग आता स्वतःच्या घरात गेला आहे किंवा जाण्याच्या वाटेवर आहे.

मग इथे भाड्याने राहते कोण? बदलीवर येणारे बँकांचे, रेल्वेचे आणि सरकारी खात्यांचे लोक, सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास जागा शोधणारे तरुण डॉक्टर आणि परिचारिका, अशोक चौकाजवळ वालचंद इन्स्टिट्यूटमध्ये किंवा केगावला विद्यापीठात शिकणारी मुले-मुली, चिंचोळीच्या एमआयडीसीतले पगारदार, आणि अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ या तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड करणारी शेतकरी कुटुंबे. यांतल्या प्रत्येकाला हवे असलेले घर वेगळे असते. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला दोन बेडरूम, गाडी लावायला जागा आणि शांत वस्ती लागते. परिचारिकेला रात्रपाळी संपवून पहाटे पायी किंवा रिक्षाने सुखरूप पोचता येईल असे अंतर लागते. शेतकरी कुटुंबाला शाळा-क्लास जवळ हवे असतात आणि गावाकडून आलेली ज्वारीची पोती ठेवायला एक कोपरा लागतो. बदल्या साधारण मे-जूनमध्ये होतात आणि कॉलेजचे प्रवेश त्याच्या पुढे-मागे, त्यामुळे दिवाळीनंतर रिकामे झालेले घर उन्हाळ्यापर्यंत तसेच पडून राहू शकते. हा ऋतू ठाऊक नसलेला नवा मालक जानेवारीत घाबरून मिळेल त्याला घर देऊन बसतो. त्याऐवजी कराराची मुदतच मे-जूनमध्ये संपेल अशी धरली, तर पुष्कळसा घोर वाचतो.

भाडेकरू घर कसे पाहतो, हे एकदा तरी जवळून बघायला हवे. विजापूर रस्त्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका मुलाने तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि तो दाखवताना मी सोबत होते. पाहायला आल्या होत्या एका खाजगी दवाखान्यातल्या परिचारिका आणि त्यांची आई. मुलगा उत्साहाने हॉलमधले पीओपी, टाइल्स, मॉड्युलर किचनच्या दारांचा रंग दाखवत होता. आई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, त्यांनी नळ सोडला, धारेखाली ओंजळ धरली, जिभेवर थेंब घेऊन पाहिला आणि विचारले, “पाणी किती दिवसाआड येतंय ओ दादा? खाली हौद केवढा हाय? बोअरला मार्चनंतर पाणी राहतंय का?” मुलाला यातले एकही उत्तर धड देता आले नाही, त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. तेवढ्यात लेकीने बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तळवा लावला. दुपारचे चार वाजले होते आणि भिंत चांगलीच तापली होती. वर लगेच गच्ची आहे हे कळल्यावर त्यांनी पीओपीविषयी एक शब्दही न काढता भाडे दीड हजाराने कमी करून मागितले.

त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. उजनीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि शहरात ते रोज मिळत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी हे इथल्या घराघराचे वेळापत्रक वर्षानुवर्षे राहिले आहे. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. अशा गावात मोठा हौद, गच्चीवर पुरेशा टाक्या, वर्षभर टिकणारे बोअर आणि पश्चिमेचे ऊन न खाणारी खोली यांनाच खरे भाडे मिळते. म्हणून पहिले घर पाहायला एप्रिलमधल्या दुपारी जावे, वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांना पाण्याचे विचारावे, टँकर महिन्याला किती लागतात आणि त्याचे पैसे कोण भरते तेही विचारावे. माहितीपत्रकात ही माहिती कधीच नसते.

आता हिशेब. यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण पहिल्यांदा गुंतवणूक करणारे याच ठिकाणी स्वतःची समजूत घालून घेतात. उदाहरणासाठी ३२ लाखांचा फ्लॅट धरू. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह ६ टक्के धरले तर १,९२,००० रुपये होतात; खरेदी स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात एका टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी फी ३०,००० रुपये. पंखे, दिवे, गीझर, जाळ्या आणि रंग यांवर ८०,००० रुपये गेले की घर ३५ लाखांना पडते. महिना १०,००० रुपये भाडे ठरले आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर हातात १,१०,००० रुपये आले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना १,२०० रुपयांप्रमाणे १४,४००, महापालिकेचा कर ९,००० आणि किरकोळ दुरुस्ती व रंगकाम यांसाठी बाजूला ठेवायचे १२,००० वजा केले की उरतात ७४,६०० रुपये. ३५ लाखांवर हा परतावा जेमतेम २.१ टक्के होतो, आणि बँकेची मुदत ठेव कसलीही दगदग न करता याच्या कितीतरी जास्त देते.

कर्ज काढून घेतले तर चित्र आणखी अवघड होते. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत बँकेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क किंवा नोंदणी फी धरता येत नाही. म्हणजे २५ लाखांचे कर्ज मिळाले, तरी सुमारे १० लाख रुपये खिशातून उभे करावे लागतात. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता २१,७०० रुपयांच्या आसपास येतो आणि भाडे मात्र १०,०००. “भाड्यात हप्ता सुटतो” हे वाक्य मी कर्ज मागायला आलेल्या माणसांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मी कागदावर ही दोन आकड्यांची वजाबाकी करून दाखवली आहे. दर महिन्याला पदरचे बारा हजार आणि वर मेंटेनन्स भरायची तयारी असेल, नोकरी पक्की असेल, घरात आजारपणासाठी वेगळी शिल्लक असेल, तर हा निर्णय जरूर घ्यावा. पण तो भाड्यासाठी घेतलेला नसून सक्तीच्या बचतीसाठी आणि उद्या भाव वाढेल या आशेवर घेतलेला आहे, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

भाववाढीच्या आशेबद्दलही थोडे बोलायला हवे. विमानांच्या मार्गात अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली, आणि त्या रस्त्याला जागा दाखवणारे एजंट आता प्रत्येक वाक्यात विमान आणतात. चिमणीचा विषय ऊस उत्पादकांसाठी अजून दुखरा आहे आणि तो इथे वाढवण्याची माझी इच्छा नाही. विमानामुळे जागेचे भाव वाढले, तरी भाडे त्या वेगाने वाढत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. भाडे ठरते ते राहणाऱ्याच्या पगारावरून, आणि पगार वाढायला विमानाच्या पाठोपाठ नोकऱ्या याव्या लागतात. त्या याव्यात अशी मनापासून इच्छा आहे. परंतु त्या येतील असे गृहीत धरून आजचा हप्ता भरता येत नाही.

आयकराचा भाग सोपा आहे, तरी लोक त्याला उगाच भितात. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा होतो, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट वजावट मिळते, मग खर्च तेवढा झालेला असो वा नसो, आणि गृहकर्जाचे व्याजही वजा होते. व्याज भाड्यापेक्षा जास्त झाल्याने जो तोटा दिसतो, तो जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो; नव्या प्रणालीत तशी मुभा नाही. “टॅक्स वाचतो” म्हणून घर घेणाऱ्याने आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आधी पाहावे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. १९९२ च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावे महापालिकेत आली आणि त्या पट्ट्यात शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले असंख्य प्लॉट आहेत. त्यांवर चांगली घरे उभी आहेत, चांगली माणसे राहतात, भाडेही मिळते. परंतु पुष्कळ ठिकाणी व्यवहार नोटरी केलेल्या कागदावर झालेला असतो, बिगरशेती आदेश नसतो, मंजूर नकाशा नसतो. अशी गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आणली गेली, त्यामुळे अशी जागा घ्यायचीच असेल तर नियमित झाल्याचा दाखला हातात आल्यावरच पैसे मोजावेत. महापालिकेच्या कर आकारणीला नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. कर पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा असतो. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने आणि त्यामागच्या अखंड साखळीने सिद्ध होते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, वकिलाकडून करून घ्यावा, फ्लॅट असेल तर बांधकाम परवाना आणि वापर परवाना पाहावा, नवा प्रकल्प असेल तर गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून तिथली माहिती स्वतः वाचावी. वकिलाच्या फीमध्ये काटकसर करणारी माणसे त्याच घराच्या दिव्यांवर लाखभर रुपये खर्च करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेठांतल्या जुन्या वाड्यांविषयी एवढेच सांगते की त्यात पूर्वीपासूनचे भाडेकरू असतील तर जागा स्वस्त मिळण्याचे कारण तेच असते. भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांना काढण्याची कारणे कायद्यात ठरलेली आहेत आणि ती कोर्टात सिद्ध करावी लागतात. पहिल्याच गुंतवणुकीत या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात जास्त गैरसमज भाडेकरारावर आहेत. अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर टाइप करून नोटरी केला की झाले, ही समजूत सोलापुरात घट्ट बसलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ असे सांगते की करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी मात्र महाग नाही. एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना १०,००० भाडे, ३०,००० अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर ते तीनशे रुपयांच्याही आत येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे काम आता घरबसल्या ऑनलाइन होते.

“घर बळकावले तर?” या भीतीचे उत्तरही याच नोंदणीत आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या लेखी कराराची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार मालकाला दिवाणी कोर्टाच्या लांब फेऱ्यांऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडे मागता येते. बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, ही गोष्ट तर चहाच्या टपरीवर इतकी ऐकू येते की लोक तिला कायदाच समजतात. मालकाच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला नुसत्या वर्षांच्या मोजणीने मालकी मिळत नाही. तरीही करार दर वेळी नव्याने करावा, भाडे बँक खात्यात घ्यावे आणि पावती द्यावी, कारण पावती देणे मालकाचे कर्तव्यच आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी. शहर पोलीस आयुक्तालय वेळोवेळी तसे आदेश काढते आणि हे कामही ऑनलाइन होते.

आता ज्याविषयी मला सगळ्यांत तळमळ आहे ते सांगते. माझ्याकडे आलेले नवे मालक भाडेकरू निवडताना पहिल्यांदा आडनाव विचारतात, मग जात, मग घरात काय शिजते ते. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत जगते. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला इथे सगळी वस्ती लोटते. आणि त्याच शहरात एखाद्या मुसलमान शिक्षिकेला किंवा एकट्या राहणाऱ्या परिचारिकेला वर्षाचे भाडे आगाऊ द्यायची तयारी असूनही घर मिळत नाही. माणूस म्हणून हे मला लागते, आणि हिशेब पाहणारी म्हणूनही हे पटत नाही. आधीच ज्या गावात भाडेकरू मोजके आहेत, तिथे निम्म्यांना दारातून परत पाठवणाऱ्या मालकाचे घर रिकामे राहिले तर नवल नाही. पगाराची स्लिप पाहावी, नोकरीच्या ठिकाणी चौकशी करावी, आधीच्या घरमालकाला फोन करून भाडे वेळेवर येत होते का आणि घर कसे सोडले ते विचारावे. भाडे त्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे ना, हे मी आवर्जून बघायला सांगते. या चार गोष्टींनी जे कळते ते आडनावाने कळत नाही.

भाडेकरू आल्यावर काम संपत नाही. ताबा देताना प्रत्येक खोलीचे फोटो घ्यावेत, वीज मीटरचा आकडा करारात लिहावा, पंखे किती, गीझर चालू आहे का, कोणत्या टाइलला आधीच तडा आहे, हे एका कागदावर दोघांच्या सहीने असावे, म्हणजे सोडताना अनामतीवरून तोंड वाजत नाही. सोसायटी भाड्याच्या घराला ‘नॉन-ऑक्युपन्सी’ आकार लावते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि तो माहीत नसल्याने लोक मुकाट्याने वाटेल तेवढे भरत राहतात. भाडे थकले म्हणून पाणी तोडणे किंवा मीटरचा फ्यूज काढून नेणे, हे मालकाला हक्काचे वाटते. कायद्याने अशा आवश्यक सेवा बंद करण्याची मनाई आहे आणि रागाच्या भरात केलेल्या त्या एका कृतीने न्याय्य बाजूही दुबळी होते. उलट गळका नळ सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून देणाऱ्या मालकाचा भाडेकरू हजारभर कमी भाड्याच्या घरासाठी सहसा उठून जात नाही. एक महिना घर रिकामे राहिले तर जाणारे दहा हजार आणि प्लंबरचे पाचशे, यांची तुलना करायला फार गणित लागत नाही.

दुकानगाळ्यांविषयी विचारणारेही असतात. गाळ्याला भाडे चांगले मिळते, पण रिकामा झाला की तो महिनोन्‌महिने रिकामा राहतो. तो अनुभव गाठीशी असलेल्यांचा प्रांत आहे, नवख्याचा नव्हे.

अलीकडे एक जोडपे आले होते. तो अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, ती घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डर घेते. दोघांनी मिळून साठवलेल्या पैशांत फ्लॅट बुक करायचा, उरलेले कर्ज काढायचे, असा त्यांचा बेत होता. नीलमनगरच्या बाजूला त्यांचे स्वतःचे घर आहे, वर मोकळी गच्ची. मी विचारले, फ्लॅटमध्ये कोण राहायला येईल असे वाटते? तो गप्प राहिला. ती म्हणाली, “काकू, फ्लॅटचं माहीत नाही, पण आमच्या गल्लीत कारखान्यातले अकाउंटवाले, दोघं-तिघं सारखी खोली विचारत असतात.” तेव्हा आम्ही दुसराच हिशेब मांडला. वरच्या मजल्यावर सुमारे ४५० चौरस फुटांत दोन स्वतंत्र जागा, प्रत्येकीला खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम. बांधकाम चौरस फुटाला १,८०० रुपये धरले तर ८,१०,००० आणि जिना, टाक्या, मीटर यांसाठी आणखी लाखभर. दोन्हींचे मिळून महिना ८,००० भाडे, वर्षात एक महिना खाडा धरून ८८,०००. दुरुस्ती आणि वाढीव करापोटी १४,००० वजा केले तर ७४,००० उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर आठ टक्के. जमीन आधीच त्यांची असल्याने हा आकडा इतका चांगला दिसतो, आणि वरचा मजला उद्या सुटा विकता येणार नाही, हेही मी त्यांना सांगितले.

त्यानंतर पाहायच्या गोष्टी पुष्कळ निघाल्या. खालचे कॉलम वरचा भार घेतील का, यासाठी इंजिनिअरला दाखवायचे होते. प्लॉट गुंठेवारीतला निघाला, पण सुदैवाने तो नियमित झाल्याचा दाखला कपाटात होता. वरच्या मजल्याचा नकाशा महापालिकेत दाखल करायला हवा होता. जिना घरातून न काढता बाहेरून काढायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळीक राहील. महावितरणकडून वेगळे मीटर घ्यायचे, म्हणजे बिलावरून कुरबुर होणार नाही. हौद दुप्पट करायचा आणि वरच्या स्लॅबला उन्हाचा ताप अडवणारा पांढरा थर द्यायचा, अशा सूचना एकामागून एक तिनेच केल्या. नकाशा मंजूर होईपर्यंत एकही वीट रचायची नाही यावर दोघे ठाम आहेत. इंजिनिअरचा अहवाल आला असून कॉलम चांगले आहेत, आणि पुढच्या जूनपर्यंत निदान एका बाजूचे काम पुरे व्हावे, असे त्यांनी ठरवले आहे, कारण गल्लीत खोली विचारणाऱ्यांपैकी एकाची बायको इचलकरंजीहून मुलाला घेऊन तेव्हाच यायची आहे.